यंत्र आणि संसार : एका दाताचा फरक

सपाट रस्ता आणि घाट ही दोन्ही एकाच दिवसाच्या प्रवासात यावीत, अशी आपल्या सीमाभागाच्या भूगोलाचीच योजना आहे. निपाणीहून बेळगावकडे निघावे, तर गाव मागे पडते न पडते तोच स्तवनिधीचा, म्हणजे आपल्या बोलीतला तवंदीचा घाट समोर उभा राहतो. पुढे संकेश्वर, हत्तरगीपर्यंत रस्ता मोकळा, आणि काकतीच्या अलीकडे पुन्हा वंटमुरीची चढण. बेळगावाहून गोव्यात उतरावयाचे, तर जांबोटी, कणकुंबी करीत चोर्ल्याचा घाट. सावंतवाडीला जावयाचे, तर आंबोली. आणि निपाणीवरून राधानगरीच्या वाटेने देवगडकडे वळावे, तर फोंड्याचा घाट. या वाटांनी एके काळी बैलगाड्या जात, त्या वेळी घाटाच्या पायथ्याशी आणखी एक जोडी जुंपावी लागे आणि माथ्यावर पोहोचताच ती सोडून देता येई. आज त्याच वाटांनी भाजी, दूध, गूळ आणि तंबाखू घेऊन लहान मालगाड्या धावतात. फरक एवढाच, की त्यांची जोडी वाटेत वाढविता किंवा सोडता येत नाही. कारखान्याने जी जुंपून दिली, तिच्यावरच घाटही चढावयाचा आणि माळही तुडवावयाचा.

निपाणीकडील एका वाचकभगिनीच्या पत्रातला प्रश्न नेमका या जोडीविषयी आहे. त्यांच्या चिरंजिवांनी कर्ज काढून एक जुनी पिकअप घेतली आहे. आठवड्यातून चार-पाच फेऱ्या भाजी घेऊन गोव्याला होतात. गाडी पुरेसे ॲव्हरेज देत नाही, अशी चिरंजिवांची तक्रार. आणि मागचा गिअर, म्हणजे डिफरन्शियलमधील क्राउन-पिनियनची जोडी बदलली तर डिझेल वाचेल, असा कोणा जाणत्याचा सल्ला. ‘हप्त्यांच्या दिवसांत हा खर्च करावा की करू नये?’ एवढेच त्यांनी विचारले आहे. प्रश्न लहान दिसतो, परंतु अशा प्रश्नांवरच पुष्कळ घरांची महिनाअखेर अवलंबून असते. म्हणून त्याचे उत्तर थोडे मुळापासून देणे बरे.

प्रथम ही जोडी म्हणजे काय ते पाहू. इंजिन फिरते, त्याची गती गिअरबॉक्समधून एका लांब दांड्याने मागे येते. या दांड्याच्या टोकाला एक लहान दातेरी चक्र असते, ते पिनियन. ते एका मोठ्या, मुकुटासारख्या चक्राला फिरविते, ते क्राउन. क्राउनबरोबर मागचा आस फिरतो आणि आसाबरोबर चाके. समजा, क्राउनला ४१ दात आहेत आणि पिनियनला १०. म्हणजे दांड्याचे ४.१ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होणार. यालाच ४.१ चे गुणोत्तर म्हणतात. आता क्राउनचे दात ४१ च ठेवून पिनियनला ११ दात दिले, तर गुणोत्तर ३.७३ होते, ९ दिले, तर ४.५६. एका दाताची घट-वाढ ती काय! परंतु तेवढ्यानेच गाडीचा स्वभाव पालटतो.

पायडल मारून ज्यांनी सायकल चालविली आहे, त्यांना हे सांगण्याची गरज नाही. मागचे फ्रीव्हील मोठे असले की चढावर पाय हलके पडतात, पण सपाटीवर पाय भराभर मारूनही सायकल रेंगाळते. फ्रीव्हील लहान असले की सपाटीवर सायकल वाऱ्यासारखी जाते, पण चढावर उतरून ढकलावी लागते. मागचा गुणोत्तराचा आकडा जितका मोठा, तितकी गाडी बैलासारखी. आकडा जितका लहान, तितकी घोड्यासारखी. मात्र दोन्ही गुण एका जनावरात पूर्णपणे उतरत नाहीत, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते आणि यंत्रही त्याला अपवाद नाही.

आता थोडा हिशेब करू. त्यासाठी एक नमुन्याची गाडी धरू या. मालासह वजन ३,००० किलो, इंजिनाचा पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, २० किलोग्रॅम-मीटर, आणि चाक एका फेऱ्यात २.१५ मीटर पुढे जाते. ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे मिनिटाला बरोबर १,००० मीटर. तेवढ्यात चाकाचे ४६५ फेरे होतात. चौथा गिअर सरळ जोडणीचा धरला, तर गुणोत्तर ३.७३ असता इंजिन मिनिटाला सुमारे १,७३० फेरे घेईल, ४.१ असता १,९१०, आणि ४.५६ असता २,१२०. याचा अर्थ असा, की ४.१ वरून ३.७३ वर आल्यास प्रत्येक किलोमीटरमागे इंजिनाचे ९ टक्के फेरे वाचतात, ४.५६ वर गेल्यास ११ टक्के वाढतात.

येथेच पुष्कळांची फसगत होते. फेरे ९ टक्के वाचले म्हणजे डिझेलही ९ टक्के वाचले, असे त्यांना वाटते. तसे होत नाही. डिझेल प्रामुख्याने कशासाठी जळते? हवेचा अडथळा सारण्यासाठी, टायरांचे घर्षण जिंकण्यासाठी, आणि चढावर ओझे वर उचलण्यासाठी. ही तिन्ही कामे दातांची संख्या बदलल्याने तसूभरही कमी होत नाहीत. कमी होते ते केवळ इंजिनाच्या पोटातले स्वतःचे घर्षण, कारण ते फेऱ्यांबरोबर वाढते. म्हणून बचत होते खरी, पण ९ टक्क्यांच्या काही अंशाइतकीच, आणि तीसुद्धा सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना.

चढाचा हिशेब तर अगदीच ठाम आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. गोव्याच्या किनाऱ्याकडून परत येताना गाडीचा प्रत्येक टन तेवढा वर उचलावाच लागतो. एका लिटर डिझेलमधील उष्णतेपैकी साधारण तिसरा हिस्सा कामी येतो असे धरले, तर दर टनामागे या उंचीसाठी सुमारे ६०० मिलिलिटर डिझेल लागते. हे सह्याद्रीचे बिल आहे. ते क्राउनला किती दात आहेत हे विचारीत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. वीस मीटरला एक मीटर अशी चढण आहे आणि आपली नमुन्याची गाडी तीवर ताशी ५० किलोमीटरने जात आहे. चढासाठी १५० किलोचा रेटा हवा, टायरांसाठी सुमारे ४५ आणि हवेसाठी सुमारे २०. एकूण २१५ किलो. चौथ्या गिअरमध्ये, वाटेतील दहा टक्के नुकसान वजा जाता, ३.७३ ची गाडी चाकाशी जास्तीत जास्त १९७ किलोचा रेटा देऊ शकेल, ४.१ ची २१७, आणि ४.५६ ची २४१. म्हणजे पहिली चौथ्यात चढूच शकत नाही, तिला तिसऱ्यात उतरावेच लागेल. दुसरी कशीबशी चढेल, पण समोरून जोराचा वारा आला की तिचाही श्वास अडेल. तिसरी हसत चढेल. दहा दातांचे पिनियन अकरा दातांचे केल्याने सपाटीवर मिळविलेले थोडे डिझेल अशा वेळी तिसऱ्या गिअरमध्ये परत द्यावे लागते. शिवाय कित्येक चालक गिअर उतरविण्याचा कंटाळा करतात. मग वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरते आणि मागून काळा धूर निघतो. तो धूर म्हणजे पैसे मोजून घेतलेले, पण नीट न जळलेले डिझेलच होय.

आपल्याकडे ‘पिकअप’ हा शब्द गाडीलाही आहे आणि तिच्या उठावालाही. ‘पिकअपला पिकअप नाही’ असे विनोदाने म्हटले जाते ते याचमुळे. उठावाचा हिशेब मोठा मौजेचा आहे. सपाट रस्त्यावर याच गाडीला ताशी ५० ने नुसते चालण्यासाठी ६५ किलोचा रेटा पुरतो. बाकी उरतो तो वेग वाढविण्याच्या कामी येतो. ४.१ च्या गाडीपाशी असा १५२ किलोचा शिलकी रेटा असतो, ४.५६ पाशी १७६, आणि ३.७३ पाशी १३२. गुणोत्तर ११ टक्क्यांनी वाढविले तर उठाव सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. ९ टक्क्यांनी घटविले तर १३ टक्क्यांनी घटतो. घरखर्च भागून जी शिल्लक उरते, तीवर पगारातील लहानशा बदलाचा परिणाम मोठा होतो, तसेच हे. मात्र मोठ्या आकड्याच्या गाडीला प्रत्येक गिअर लौकर संपतो, वरचा लौकर घ्यावा लागतो, आणि त्यात काही उठाव वाया जातो. म्हणून कागदावरचे सोळा रस्त्यावर सोळाच राहतील असे नाही.

दातांचा हा खेळ काही आजचा नाही. आपल्या भागातील जुन्या माणसांनी जी जीप पाहिली, तिचीच कथा घ्या. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या आसाचे गुणोत्तर ४.८८ होते, म्हणजे ३९ दातांना ८. युद्ध संपताच १९४५ मध्ये तीच जीप नागरी वापरासाठी आणि विशेषेकरून शेतकऱ्यांसाठी बाजारात आली, तेव्हा ते ५.३८ करण्यात आले, म्हणजे ४३ दातांना ८. शिपायाला धावावयाचे होते, शेतकऱ्याला ओढावयाचे होते. काम पालटले तसे दात पालटले. महिंद्रांनी भारतात बनविलेल्या सीजे-३बी जीपमध्येही हेच ५.३८ होते.

पुढे पेट्रोल महागले आणि गावोगावी पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेल इंजिने बसू लागली. त्यातली काही तर ट्रॅक्टरच्या वंशातली. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेई, तेव्हा ५.३८ च्या आसावरही जीप ताशी ९८ किलोमीटरपर्यंत जाण्याचा हिशेब बसे. संथ डिझेल इंजिन २,५०० फेऱ्यांवर थांबले, की तोच हिशेब ६१ वर येई. डांबरी रस्त्यावर इंजिन आक्रोश करी आणि गाडी रेंगाळे. तेथे ४.८८ ची जोडी बसविणे शहाणपणाचे होते. त्याने वेग ६८ च्या घरात जाई आणि कानांनाही विसावा मिळे. म्हणजे आसाचे दात बदलणे ही काही मूर्खपणाची गोष्ट नव्हे. इंजिन बदलले, टायर बदलले किंवा कामच बदलले, तर ती गरजही होते. फक्त चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत पुढच्या आणि मागच्या दोन्ही आसांच्या जोड्या एकदमच बदलाव्या लागतात; अन्यथा दोन आस एकमेकांशी झगडतात आणि मधली यंत्रणा मोडते.

परदेशात तर ग्राहकाला हे आधीच विचारले जाते. अमेरिकेतील फोर्ड एफ-१५० ही पिकअप ३.३१, ३.५५ आणि ३.७३ अशा निरनिराळ्या गुणोत्तरांत मिळत आली आहे. ज्याला मागे नौका किंवा घोड्यांची गाडी जोडावयाची, तो मोठा आकडा घेतो. ज्याला लांबचा सपाट रस्ता तोडावयाचा, तो लहान. ईटन कंपनीने मालमोटारींसाठी दोन गतींचा आसही बनविला, ज्यात चालकाला बसल्या जागी एकाच आसाचे दोन गुणोत्तर वापरता येत. घाटाच्या पायथ्याशी बैलांची दुसरी जोडी जुंपण्याचाच हा पोलादी अवतार. आपल्याकडे मात्र बहुधा कारखान्याने बसविलेले एकच गुणोत्तर पदरी पडते. ते बसविताना कारखान्याने इंजिन, गिअरबॉक्स, टायर आणि ओझे या चौघांचा एकत्र विचार केलेला असतो, हे विसरू नये. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसचे, म्हणजे आपल्या ‘छोटा हत्ती’चे इंजिन अवघे दोन सिलिंडरांचे आणि ७०२ घनसेंटिमीटरचे होते. एवढ्याशा इंजिनाने टनाच्या आसपास ओझे ओढावयाचे, ते गुणोत्तरांच्या नीट जुळणीशिवाय कसे शक्य होते?

आता एका चकव्याविषयी सांगतो, कारण या बाबतीतली निम्मी मते त्या चकव्यातून जन्मलेली असतात. जुन्या धाटणीच्या कित्येक गाड्यांत स्पीडोमीटरची तार गिअरबॉक्सच्या मागच्या दांड्यावरून जाते. तो दांडा किती फिरला यावरून मीटर किलोमीटर मोजते. चाक किती फिरले हे त्याला कळत नाही. ४.१ ची जोडी काढून ४.५६ ची बसविली, की प्रत्यक्ष १०० किलोमीटरला मीटर १११ दाखविते. मालक खूश! उठावही वाढला आणि ॲव्हरेजही. उलट ३.७३ ची बसविली, की १०० किलोमीटरला ९१ दिसतात, आणि खरोखर थोडी बचत झालेली असूनही गाडी अधिक पिऊ लागली असे वाटते. मोठ्या घेराचे टायर घातले तरी अशीच फसगत होते. शिवाय घेर पाच टक्क्यांनी वाढविणे म्हणजे गुणोत्तर तेवढ्याने लहान करण्यासारखेच असते. ज्या नव्या गाड्यांत वेग थेट चाकापाशी मोजला जातो, तेथे जोडी बदलल्याने मीटर चुकत नाही, पण टायर बदलल्याने चुकते. म्हणून खरे ॲव्हरेज काढावयाचे, तर रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड प्रमाण मानावेत. टाकी काठोकाठ भरावी, तीनेकशे किलोमीटर चालवावी, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरावी आणि मग भागाकार करावा. महामार्गाची फेरी आणि घाटाची फेरी यांचे हिशेब वेगवेगळे ठेवावेत. घरात किराण्याची वही ठेवणाऱ्या गृहिणीला हे काम मालकापेक्षा अधिक नेटके जमेल.

पैशांचा विचार झाला. आता त्याहून मोठा विचार. गोव्याकडे जाणाऱ्या भाजीच्या गाडीची एक विशेष गोष्ट आहे. ती भरलेली उतरते आणि बहुधा रिकामी चढते. म्हणजे चोर्ल्याच्या घाटात तिला ओढण्यापेक्षा रोखण्याचे काम अधिक कठीण. तेथे ब्रेकइतकाच आधार असतो तो इंजिनाच्या अडकावाचा. खालच्या गिअरमध्ये टाकलेली गाडी इंजिनाला उलट फिरवू पाहते, आणि इंजिन तिला मागे खेचून धरते. ही धरण्याची शक्तीही मागच्या गुणोत्तरातूनच चाकापर्यंत पोहोचते. गुणोत्तर ९ टक्क्यांनी घटविले, तर त्याच गिअरमधला अडकाव ९ टक्क्यांहून अधिकच घटतो, कारण इंजिनाचे फेरेही कमी झालेले असतात. मग उरलेला सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबून धरले की तापतात, आणि तापलेले ब्रेक नेमके वळणावर दगा देतात. जुन्या चालकांचा नियम सोन्याचा आहे : ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी घाट चढेल, त्याच गिअरमध्ये तो उतरावा.

डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देणारे काही महाभाग असतात. त्यांच्या माहितीसाठी सांगतो, की त्यात डिझेलही वाचत नाही. अलीकडच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या डिझेल गाड्यांत, गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की उतारावर इंजिनाला डिझेल मिळणेच बंद होते. चाकेच इंजिनाला फिरवीत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून डिझेल जळतच राहते. म्हणजे न्यूट्रलमध्ये घाट उतरणे हा पदरचे डिझेल घालून जीव धोक्यात टाकण्याचा व्यवहार आहे.

इतके सारे पाहूनही ज्यांना जोडी बदलणे आवश्यक वाटेल, त्यांनी तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, क्राउन आणि पिनियन ही कारखान्यात एकमेकांवर घासून जुळविलेली जोडी असते. एकाची क्राउन आणि दुसऱ्याचे पिनियन असा पाट लावू नये. तो टिकत नाही, आणि काही दिवसांत मागून रडण्याचा आवाज येऊ लागतो. दुसरी, जोडी बसविणे हे नुसते बोल्ट आवळण्याचे काम नव्हे. दातांमधली मोकळीक मोजून, शिम घालून, दातांना रंग लावून त्यांचा ठसा दाताच्या मध्यावर येतो की नाही हे पाहावे लागते. उद्यमबागेसारख्या ठिकाणी यंत्रकामात मुरलेले हात आपल्या बेळगावात पुष्कळ आहेत. थोडे पैसे अधिक पडले तरी असाच हात शोधावा. तिसरी गोष्ट तेलाची. या प्रकारच्या दातांत घसरण मोठी असते, म्हणून कंपनीने सांगितलेलेच गिअर ऑइल घालावे. हाती लागेल ते घालू नये.

आता पत्रलेखिका भगिनींच्या प्रश्नाकडे वळू. समजा, त्यांची गाडी वर्षाला ३०,००० किलोमीटर चालते आणि लिटरला १२ किलोमीटर देते. म्हणजे वर्षाला २,५०० लिटर डिझेल. लहान गुणोत्तराने त्यात ४ टक्के बचत झाली असे उदारपणे मानले, तरी १०० लिटर वाचतील. लिटरला ९० रुपये धरले, तर वर्षाचे ९,००० रुपये. जोडी, तेल, बेअरिंगे, मजुरी आणि गाडी उभी राहिल्याने बुडालेल्या फेऱ्या हे सारे या रकमेच्या शेजारी मांडून पाहावे. आणि ही बचतसुद्धा सपाट महामार्गाची. त्यांच्या चिरंजिवांची वाट तवंदी आणि वंटमुरी भरल्या गाडीने चढते आणि चोर्ला भरल्या गाडीने उतरते. या वाटेवर ती बचत चार टक्क्यांवरही टिकणार नाही, आणि उतारावरचा आधार मात्र नक्की कमी होईल.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ही जोडी बदलू नये. तोच पैसा प्रथम ब्रेकच्या लायनिंगवर आणि टायरांवर खर्च करावा. मग ॲव्हरेज का घसरले याचा शोध घ्यावा. टायरांत हवा कमी असणे, ब्रेक धरून ठेवणे, क्लच घसरणे, एअर फिल्टर तुंबणे, इंजेक्टर बिघडणे, टपावरची ताडपत्री वाऱ्याने फडफडत राहणे, यांपैकी प्रत्येक कारण एका दाताच्या फरकाएवढे किंवा त्याहून अधिक डिझेल पिऊ शकते, आणि त्यांचा इलाज पुष्कळ स्वस्त असतो. वेग ताशी ८० ऐवजी ६० ठेवला, तर हवेचा अडथळा जवळजवळ निम्म्यावर येतो. यासाठी तर एक पैसाही लागत नाही. आणि नोंदणीपत्रात लिहिले आहे त्याहून अधिक ओझे घालू नये. जादा चार पोत्यांचे भाडे क्राउनचे दात उडाल्यावर एकदमच परत द्यावे लागते.

ज्यांची गाडी केवळ निपाणी ते कोल्हापूर अशा मोकळ्या चौपदरी रस्त्यावर हलके सामान घेऊन धावते, त्यांच्यासाठी उत्तर वेगळे निघू शकेल. ज्यांनी मोठे टायर घातले आहेत आणि म्हणून चढावर गाडी दमते, त्यांना आकडा वाढवून घेणे किंवा सरळ मूळ मापाचे टायर परत घालणे हिताचे ठरेल. नियम एकच : प्रथम वाट पाहावी, मग ओझे पाहावे, आणि शेवटी दात मोजावेत. शेजाऱ्याच्या गाडीला जे मानवले ते आपल्या गाडीला मानवेलच असे नाही, कारण शेजाऱ्याची वाट वेगळी असते.

आपल्या पत्रांत गाडीचे नाव, टायरांचे माप, रोजची वाट आणि साधारण ओझे एवढे चार तपशील कळविल्यास पुढील अंकांतून उत्तरे देणे सोपे जाईल. पावसाळ्यात घाटात दाट धुके असते. दिवे आणि वायपर तपासल्याशिवाय गाडी घाटाकडे काढू नये, ही विनंती.